मंजुळाची घरं

मंजुळा गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या जिन्यावर तिची पाटी टेकल्याचा आवाज यायला लागला.

सकाळची वेळ. पुढच्या खोलीत माझी सुट्टीतली बॅच बसलेली, फळ्यावर आम्ल आणि आम्लारी, आणि बाहेर दुसऱ्या मजल्याच्या चौकात धप्प. ओल्या टोपलीचा आवाज कोरड्यासारखा नसतो. मी खडू ठेवून बाहेर जाऊन बघायची. कोणी नसायचं. फरशीवर मात्र मंजुळा पाटी टेकायची तिथे गोल ओलसर डाग, भर मे महिन्यात. हात लावून बघितला तर फरशी कोरडी लागायची.

मी पद्मजा. फणसवाडीत वडिलांच्या दोन खोल्यांत एकटी राहते आणि दहावी-अकरावीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझी जीभ तिखट आहे असं वाडीत म्हणतात, ते खरं आहे. त्यामुळे आवाजाचं मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खालच्या नलूकाकूंनी माझ्याच नावाने नारळ उतरवून टाकला असता.

मंजुळा आमची कोळीण. शीव कोळीवाड्यातून यायची. पहाटे धक्क्यावर माल घ्यायचा आणि सकाळी आमच्या वाडीत फिरायचं, हा तिचा अनेक वर्षांचा नेम. आमच्याकडे येणारी कोळीण ही काही नुसती विकणारी नसते. तिची घरं ठरलेली असतात. मंजुळाला ही वाडी तिच्या सासूने दिली होती, सासूला तिच्या सासूने. कोणाकडे सुरमई जाते, कोणाच्या सासऱ्यांना काटा चालत नाही, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी, सगळं पाटीबरोबर हातात आलेलं. दुसरी कोळीण या वाडीत पाय ठेवायची नाही आणि मंजुळा दुसरीच्या वाडीत जायची नाही.

शेफाली तिची मुलगी. आठवीत असताना मंजुळा तिला एका शनिवारी घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, हिला गनितात समदे मार्क पडतात. पन शालेतली बाई बोलली, हितपर्यंत ठीक हाय, पुढं हिला कोन सांगनार? तुमी सांगा." त्या दिवसापासून दर शनिवार-रविवार आई वाडीत फिरायची आणि मुलगी माझ्याकडे बसायची. मी हजार मुलं शिकवली असतील. गणित समोर आल्यावर जिचा चेहरा निवांत होतो अशी मुलगी मी ही एकच पाहिली. बाकीच्यांना उत्तर हवं असायचं. हिला ते कसं आलं ते हवं असायचं. खोटं कशाला बोलू, माझा जीव होता तिच्यावर.

दहावीची परीक्षा झाली आणि एप्रिलच्या शेवटी मंजुळा गेली. ताप अंगावर काढला, तापातच पाटी घेऊन फिरली, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला होता. मे महिन्यात रिझल्ट लागला. शेफालीला चौऱ्याण्णव टक्के, गणितात पैकीच्या पैकी. ती पेढे घेऊन आली नाही. नुसती आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "टीचर, लागला."

मी तिला पोटाशी धरलं आणि रडले. ती रडली नाही.

त्याच आठवड्यात नलूकाकूंनी मला जिन्यात गाठलं. "काय गं पद्मजा, मंजुळाची मुलगी कधीपासून यायला लागणार? आमचे फार हाल झालेत बाई. मार्केटातले ते बर्फातले मासे ह्यांना चालत नाहीत."

"काकू, तिला चौऱ्याण्णव टक्के मिळालेत."

"हो का? हुशारच आहे गं पोर. मग हिशेबाला चांगलीच असेल," असं म्हणून काकू खाली गेल्या. बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच तर.

माझ्या भावाच्या, रमाकांतच्या मुलाला, ध्रुवला, दहावीला एकाहत्तर टक्के पडले होते. तेव्हा घरात पेढे आले आणि मुलाचा कल नक्की कुठे आहे यावर दोन मामा, एक आत्या आणि एक समुपदेशक अशी दादरला बैठक बसली. आत्या म्हणजे मीच. कल कुठेच नव्हता, पण बैठक झाली. आज ध्रुव अमेरिकेत आहे आणि तो हुशार होता असंच सगळे म्हणतात.

शेफाली सुट्टीच्या बॅचला यायला लागली, पण ती पूर्वीची राहिली नव्हती. माझ्या खोलीच्या खिडकीच्या गजावर एक कावळा येऊन बसायचा. गिरगावात कावळ्यांना काय तोटा! पण तो आला की शेफालीचं पेन थांबायचं. ती मान वर करायची नाही, नुसती थांबायची. मागच्या बाकावरून कोणी तुमचं नाव घ्यावं आणि तुम्ही ऐकत राहावं, तशी. एकदा मयूर नावाच्या पोराने त्याला खोडरबर फेकून मारलं, तर ही ताडकन उठली. "नको मारूस!" असं ओरडली. सगळा वर्ग हसला. नंतर ती मला हळूच म्हणाली, "टीचर, त्याला हाकलू नका. काही करत नाही तो."

मला तेव्हा विचारायला हवं होतं. मी म्हटलं, लक्ष फळ्याकडे दे.

जूनमध्ये अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सुरू झाला. मी स्वतः तिला शेजारी बसवून कॉलेजांची पसंती भरली. पहिलं नाव चर्चगेटजवळच्या एका नावाजलेल्या कॉलेजचं, सायन्स. तिने मान हलवली. पहिल्याच फेरीत तेच लागलं. आता फक्त कागद घेऊन कॉलेजात जायचं आणि प्रवेश पक्का करायचा. नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि दिलेल्या मुदतीत घेतलं नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. मी तिला दोनदा समजावून सांगितलं. "हो टीचर," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. फोन लागेना.

मुदत संपायला एक दिवस राहिला तेव्हा मी शीवला गेले.

कोळीवाड्यात मी पहिल्यांदाच जात होते. इतकी वर्षं ती बाई माझ्या दारात येत होती आणि मला तिचं दार माहीत नव्हतं. जगन, शेफालीचा बाप, घरीच होता. तो दुसऱ्याच्या बोटीवर जातो, आणि पावसाळ्यात बोटी बंद असतात. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. शेफाली धाकट्या भावाला, स्वरूपला, घेऊन रेशनला गेली होती. भिंतीवर मंजुळाचा फोटो होता, लग्नातला, नाकात मोठी नथ.

"जगन, उद्या शेवटचा दिवस आहे. पैशांची अडचण असेल तर मी बघते."

"पैशाचं नाय हो ताई." तो माझ्याकडे बघत नव्हता. "दहाव्याला कावला शिवत नव्हता."

मला कळेना. मग त्याने सांगितलं. बाणगंगेवर दहावा केला. पिंड ठेवले. कठड्यावर कावळे ओळीने बसलेले, पण एकही खाली उतरेना. आता हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. मग नातेवाइकांनी एकेक करून हात जोडायचे आणि जे अडलं असेल ते पुरं करायचा शब्द द्यायचा. तसे सगळे बोलले. "मी बोल्लो, मंजू, पोरीला शिकवतो. नाय शिवला. तिचा भाऊस बोल्ला, डाक्टर करू. नाय. स्वरूपला सांभालू, घर बांधू, एकविरेला बकरा देऊ, समदं बोल्लो. ऊन डोक्यावर आलं ताई. पोर भुकेनं रडाया लागलं. शेवटी 'तुजी घरं चालवू, वाडी सोडनार नाय' असं बोलल्याबरोबर आला. झडप घालून आला. आमी समद्यांनी बगितला."

माझं डोकं फिरलं. "जगन, बाणगंगेवरचे कावळे दिवसभर पिंडच खातात. पोटं भरलेली असतात त्यांची! भूक लागली तेव्हा आला. तू काय बोललास ते त्याला कळलं की काय?"

"तसंच असंल ताई."

"मंजुळाने स्वतः तिला माझ्याकडे आणून बसवलं. तीच बाई मेल्यावर असं मागेल? आणि हे सुचलं कोणाला? कोण बोललं ते?"

 चहा गाळून त्याने माझ्यासमोर ठेवला. मी तो न पिता उठले, आणि जाताना म्हटलं, "उद्या तिला माझ्याकडे पाठव. काहीही कर, पण पाठव." त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून तयार होऊन बसले होते. बॅचला सुट्टी दिली होती. तिचे सगळे कागद माझ्याकडे होते, ते पिशवीत भरले होते. ती आली की टॅक्सी करायची आणि थेट कॉलेज गाठायचं. पाच वाजेपर्यंत वेळ होता.

चौकात धप्प झालं.

मी उठले नाही. आता मला सवय झाली होती. पण मग कडी वाजली. दार उघडलं तर शेफाली. आईचं पातळ नेसलेली, लहान चणीची, आणि पायाशी पाटी. पावसाळ्यातला माल, खाडीची कोळंबी आणि सुका बोंबील. कपाळावर घाम.

"टीचर, बाबांनी सांगितलं तुम्ही बोलावलं. खालची घरं झाली. तुम्हाला काय देऊ?"

मी तिला हाताला धरून आत ओढलं. पाटी बाहेरच राहिली. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. ओरडले, समजावलं, पुन्हा ओरडले. कोणीतरी बाई दहाव्याला काहीतरी बडबडते आणि तू त्यापायी आयुष्य घालवतेस? कोण ती शहाणी, मला नाव सांग.

"मीच बोलले, टीचर."

खाली कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"सगळे शिकवू, शिकवू म्हणत होते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मला थंडी वाजली. "आणि मला कळत होतं ना, आई त्याने नाही जाणार. शिकवू म्हणजे कोण शिकवणार? बाबा पावसाळाभर घरी असतात. आईला माहीत होतं. ती हॉस्पिटलात पण हेच बोलत होती. कॉलेजचं नाही. वाडीत आज कोण गेलं असेल, नलूकाकूंना सांगितलं का, असं. ताप होता तरी. मग मीच हात जोडले. म्हटलं आई, तुझी घरं मी चालवते, तू जा. आणि आला तो."

"अगं, त्या वेळेला यायचाच होता तो!"

"असेल. पण ती गेली ना. आता मी नाही गेले वाडीत, तर ती परत येणार. येतेच ती. मी क्लासला बसले होते तेव्हा पण यायची." तिने खिडकीकडे बघितलं. गजावर काही नव्हतं. "गेल्या आठवड्यापासून घरं घेतली, फक्त तुमच्या मजल्यावर पाटी टेकत नव्हते. तेव्हापासून नाही आली."

मी बाहेर चौकाकडे बघितलं. कारण गेल्या आठवड्यापासून माझ्या चौकातला आवाजही बंद होता. ते तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. मघाचा धप्प पहिलाच, आणि तो तिचा होता.

पण मी विज्ञान शिकवते. मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "ऐक. तुला आमच्या घरची गोष्ट सांगते." मला वाटलं हा माझा हुकमाचा पत्ता आहे. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते गेले तेव्हा त्यांचा दहावाही बाणगंगेवरच केला. तेच कावळे, तोच कठडा. आमचाही कावळा शिवला नाही. रमाकांत म्हणाला, अप्पा, ध्रुवला इंजिनियर करतो. नाही शिवला. वहिनी म्हणाली, अमेरिकेला पाठवू. नाही. ऊन चढलं, घरी जेवायला माणसं खोळंबली होती, रमाकांतला ऑफिसात दुपारची मीटिंग होती. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. गवताच्या काड्यांचा. त्याची चोच पिंडाला लावली आणि म्हणाले, झालं, चला. आम्ही आलो, जेवलो. शास्त्रातच तशी सोय आहे. "आणि काय बिघडलं? ध्रुव इंजिनियर झाला, अमेरिकेला गेला, घर घेतलं त्याने तिकडे. कावळ्याला विचारून कोणी थांबलं नाही. आमच्याकडे कोणी लहान मुलाला पुढे करून शब्द द्यायला लावला नाही. तूही थांबू नकोस. दर्भाचा कावळा तुलाही चालतो, शेफाली. चल, ऊठ."

ती लक्ष देऊन ऐकत होती. गणिताची पायरी समजून घेताना ऐकायची तसंच. मला वाटलं, जिंकले.

"मग अप्पा?" तिने विचारलं.

"अप्पांचं काय?"

"ते गेले का? की अजून तिथेच आहेत?"

ती मला टोमणा मारत नव्हती. तसं असतं तर मी उत्तर दिलं असतं. तिला खरंच त्यांची काळजी वाटली होती. एवढ्या वर्षांत अप्पांबद्दल हे कोणी विचारलं नव्हतं, त्यांच्या पोटच्या पोरांनीसुद्धा नाही. 

 ती पदर खोचून उठली. "मला वरच्या परबांकडे जायचंय टीचर, त्यांची वाट बघून होते चिडचिड. तुम्ही माझ्यावर रागावू नका. कोळंबी ठेवू थोडी?"

बाहेर चौकात तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वाकली. भरलेली पाटी एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नाही. कोळणीला गिऱ्हाइकाने हात द्यावा लागतो. मंजुळाला मी तो रोज देत असे. मनातही काही न येता, दाराला कडी लावावी तसा.

"हात द्या ना, टीचर."

माझी पिशवी आत खुर्चीवर होती. टॅक्सी नाक्यावर मिळाली असती. मी पाटीला हात लावला नसता, तर कदाचित ती तिथेच राहिली असती. पण वरून परब हाक मारत होते, आणि ती वाकून उभी होती, मान ताठ करून. तिची मान फार बारीक आहे. मी एका बाजूने पाटी धरली, तिने दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही ती तिच्या डोक्यावर चढवली. ती जिना चढून वर गेली.

दुपारी मी भात लावला. त्याचा एक गोळा करून खिडकीत ठेवला आणि उभी राहिले. बाणगंगेवर त्या दिवशी सगळे नुसतं ध्रुवचं नाव घेत होते, अप्पांना काय हवं होतं ते कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. जे जे आठवलं ते सगळं पुरं करायचा शब्द दिला, मोठ्याने, एकटीने, वेड्यासारखा. समोरच्या पत्र्यावर कावळे बसले होते. पाच वाजता कॉलेजचं ऑफिस बंद झालं. अंधार पडेपर्यंत भात तसाच होता.